सचिवपदाची किल्ली हाती आल्यावर: पहिलं वर्ष कसं शिकायचं

सर्वसाधारण सभा संपत आलेली असते. चहा झालेला असतो. आयत्या वेळचे विषय सुरू असताना पंचवीस वर्षं स्वयंसेवी संस्था सांभाळलेले सर एकदम म्हणतात, "आता माझ्याच्यानं होत नाही. पुढचं तू बघ." टाळ्या पडतात, शाल-नारळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हातात लोखंडी कपाटाची किल्ली, अर्धं संपलेलं चेकबुक आणि सुतळीनं बांधलेलं कागदांचं गाठोडं येतं.

आदल्या रात्रीपर्यंत तुम्ही कार्यकर्ते होतात. बचत गटाची बैठक, ग्रामसभेतली वादावादी, रात्री अपरात्री कुणाला दवाखान्यात नेणं, हे सगळं तुम्हाला झोपेतही जमतं. संस्था चालवणं हे मात्र वेगळं काम आहे, आणि ते कुणी शिकवलेलं नसतं. मी या जागी आलो तेव्हा घाबरून पहिल्याच महिन्यात पाच दिवसांच्या निवासी नेतृत्व शिबिराला नाव दिलं. येताना सुंदर फोल्डर आणि संस्थेच्या 'व्हिजन'चा रंगीत तक्ता घेऊन आलो. त्याच आठवड्यात पगाराचा चेक परत आला. बँकेत सह्यांचा नमुना अजून जुन्या माणसांचाच होता.

शिबिर वाईट नव्हतं, माझा क्रम चुकला होता. म्हणून या लेखात प्रशिक्षण सहाव्या पायरीवर आहे. लेख महाराष्ट्रात नोंदलेल्या लहान-मध्यम संस्थांच्या नव्या सचिव-अध्यक्षांसाठी आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेल्यांचं दप्तर वेगळं असतं, त्यांनी पहिल्या दोन पायऱ्यांतली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कामं सोडून बाकीचं वाचावं.

पहिली पायरी: कपाट उघडा

दोन दिवस मोकळे ठेवा, दार लावून घ्या आणि कपाटातला प्रत्येक कागद हाताखालून घाला. सोबत संस्थेचा हिशेब लिहिणारा माणूस हवाच. कुठला कागद कुठे आहे हे अध्यक्षांपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

आधी नोंदणीची प्रमाणपत्रं शोधा. आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली एक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली दुसरी. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक बहुधा 'एफ' अक्षरानं सुरू होतो. मग संस्थेची घटना म्हणजे नियमावली काढा. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला सचिव मला अजून क्वचितच भेटला आहे. तुम्ही वाचा. मंडळाची मुदत किती वर्षांची, गणपूर्ती किती, सभेची नोटीस किती दिवस आधी, चेकवर सह्या कुणाच्या, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं 'आपली पद्धत' म्हणून जे चालतं, ते कधी कधी घटनेच्या बरोबर उलट निघतं.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा कागद: धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल वनचा, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदवहीचा, उतारा. विश्वस्त म्हणून तुमचं नाव त्यात असलं तरच कायद्याच्या नजरेत तुम्ही विश्वस्त. आमच्या उताऱ्यात तीन नावं अशा माणसांची होती ज्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवलो होतो. मंडळ बदललं, कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची खबर, दाखल करावा लागतो. मुदत टळली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून तो आत्ता तरी करा. जुने चेंज रिपोर्ट प्रलंबित असतील तर नवा अडकतो, बँक उतारा मागते, देणगीदार बँकेचा कागद मागतो, आणि तुम्ही सहा महिने तारखांना जात राहता. ही वकिलाची कामं आहेत, पण वकिलाकडे फाइल घेऊन जाणारा माणूस तुम्ही आहात.

जमीन किंवा इमारत असेल तर तिचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळासाठी भाड्यानं द्यायची तरी लागते. संस्थेच्या कामासाठी कर्ज काढायलाही परवानगी लागते. "गावातलीच माणसं आहेत, बघू नंतर" म्हणून केलेले करार पुढच्या सचिवाच्या गळ्यात पडतात.

दुसरी पायरी: भिंतीवर वर्ष मांडा

एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे चौकोन आखा आणि हिशेबनीस बसतो त्याच्या समोर लावा.

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक येतं. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या संस्थांनी ते वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयाला द्यायचं असतं. ३१ मार्चला पेटीतली रोकड मोजा, कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा. देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या (जुन्या कायद्यातल्या ८०जीच्या) पावत्या देत असाल तर देणगीदारांचं विवरणपत्र आयकर खात्याला पाठवण्याची तारीख ३१ मे चालत आली आहे. ते गेलं नाही तर देणगीदाराला सवलत मिळत नाही, आणि तो पुन्हा देणगी देताना विचार करतो. दोन हजार रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर ही सवलत नाही, हे पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सप्टेंबरअखेर ऑडिट अहवाल. परदेशी निधी घेत असाल तर त्याचं वार्षिक विवरणपत्र डिसेंबरअखेर.

एक बारकावा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यानं जुन्या कायद्यातले कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून तक्त्यावर फॉर्मचा नंबर लिहू नका, कामाचं नाव लिहा: 'देणगीदारांची यादी', 'ऑडिट', 'रिटर्न'. नंबर आणि चालू तारीख दर एप्रिलमध्ये सीएकडून खात्री करून पेन्सिलीनं लिहा. त्याच चौकोनात आयकर नोंदणीची मुदत केव्हा संपते तेही लिहा. २०२१ पासून ही नोंदणी कायमची राहिलेली नाही, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण लागतं. झोपेत ती गेली तर मोठा फटका बसतो.

तिसरी पायरी: पैसा वाचायला शिका

इथे मी थोडा रेंगाळणार आहे. पैशाची भीती हा आपल्या कार्यकर्त्यांचा जुना आजार आहे. "हिशेबाचं मला काही कळत नाही हो, मी आपला कामाचा माणूस" हे वाक्य आपण कौतुकानं म्हणतो. सचिवाला ते म्हणायची सोय नाही. पण त्यासाठी कॉमर्सची पदवी लागत नाही. महिन्यातून एक दुपार कीर्द, बँक पासबुक आणि व्हाउचर फाइल घेऊन बसलं की सहा महिन्यांत डोळा तयार होतो.

पहिला धडा बांधलेला पैसा आणि मोकळा पैसा ओळखण्याचा. समजा, बँकेत ९,४०,००० रुपये आहेत. मंडळाच्या बैठकीत सगळे खूश. आता फोड करा. कुपोषणाच्या प्रकल्पाचे न खर्चलेले ६,१०,००० आहेत, ते दुसऱ्या कशावर खर्च करता येत नाहीत. वाचनालयासाठी एका देणगीदारानं दिलेल्यातले २,५०,००० उरलेत. राहिले ८०,०००. आणि तुमच्या मूळ कार्यालयाचा पगार, भाडं, वीज मिळून महिन्याचा खर्च १,१५,०००. म्हणजे पासबुकात नऊ लाख असताना संस्थेकडे स्वतःचा एक महिनाही नाही. ही फोड दर महिन्याला एका पानावर करा आणि मंडळाला तेच पान दाखवा.

ही फोड नसली की उसनवारी सुरू होते. या प्रकल्पातून त्या प्रकल्पाचा पगार, मग हप्ता आल्यावर परत. चोरी कुणीच करत नाही, पण तिसऱ्या वर्षी कुठलाच आकडा जुळत नाही आणि युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्यावर, सही करताना हात थरथरतो. ती सही तुमची असते, हे लक्षात असू द्या.

दुसरा धडा प्रकल्पाची खरी किंमत काढण्याचा. अंगणवाडीतल्या मुलांसोबत काम करायचं तर ताईंचं मानधन आणि खेळणी एवढाच खर्च नसतो. कार्यालयाच्या भाड्याचा वाटा, हिशेबनिसाचा वेळ, ऑडिट फी, दुचाकीचं पेट्रोल, तुमचे स्वतःचे महिन्यातले चार दिवस, हे सगळं त्या प्रकल्पानंच उचलायला हवं. प्रस्तावात ते लिहायला आपण लाजतो. "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कायदाच आहे," असं कंपनीचा अधिकारी सांगतो आणि आपण मान डोलावतो. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर ती नाही. कंपनी आपल्या धोरणानं कमी देऊ शकते, तो तिचा अधिकार. पण 'कायदा आहे' म्हणाली तर नम्रपणे नियम पुढे ठेवा. सीएसआरचं बंधन २०१४ पासून आहे, आणि संस्थेला हा निधी घेण्यासाठी २०२१ पासून सीएसआर-१ ही स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसेल तर बोलणी तिथेच थांबतात.

परदेशी पैशाचं गणित अगदी वेगळं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी स्रोताकडून रुपयाही घेता येत नाही. नोंदणी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. इथे आपल्या लोकांची एक नेहमीची गफलत होते. न्यू जर्सीतला भाचा गणपतीला येतो, काम बघून भारावतो आणि "मावशी, मी पैसे पाठवतो" म्हणतो. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत पावतीला जोडा. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र तोच भाचा कायद्यानं परदेशी स्रोत आहे, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. आधी विचारा, मग खातं क्रमांक द्या.

चौथी पायरी: कालच्या सोबत्यांना पगार देणं

हा सगळ्यात अवघड भाग. काल ज्या ताईंबरोबर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून भेळ खाल्ली, त्यांच्या रजेच्या अर्जावर आज तुमची सही लागते.

आपल्या परंपरेत त्यागाच्या गोष्टी फार मोठ्या आहेत. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट ऐकतच आपण वाढलो. पण स्वतःचं मंगळसूत्र मोडणं वेगळं आणि दुसऱ्याला मोडायला लावणं वेगळं. तीन महिने मानधन न देता "आपलं हे कुटुंब आहे" म्हणणारा सचिव दुसऱ्या प्रकारात मोडतो. कार्यकर्त्यालाही घर असतं, हे डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी ओळखलं होतं. त्यांच्या नाटकांच्या प्रयोगांतून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तो कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणूनच.

पहिल्या तीन महिन्यांत एवढं करा. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्या, मराठीत, एका पानाचं: काम काय, मानधन किती, कोणत्या तारखेला, रजा किती, प्रकल्प संपला तर काय. शेवटचा मुद्दा लिहायला जीव होत नाही, तरी लिहा. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि 'मानधन' हा शब्द वापरल्यानं तो टळत नाही. दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या महिला, एक सदस्य बाहेरचा. या कायद्यात विनावेतन स्वयंसेवकही कर्मचारीच धरले आहेत. महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांतच ही समिती नसल्याचं मी पाहिलं आहे. आपल्याकडे असं काही होत नाही, अशी समजूत असते.

आणि दर सोमवारी सकाळी पाऊण तासाची बैठक घ्या. अहवाल वाचू नका. गेल्या आठवड्यात काय अडलं, या आठवड्यात काय अडणार, एवढंच विचारा. पहिले दोन महिने सगळे "काही नाही, ठीक चाललंय" म्हणतील. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणेल, "दादा, राग येणार नसेल तर सांगते." तेव्हा राग येऊ देऊ नका.

पाचवी पायरी: मंडळ

थोडक्यात सांगतो. नोटीस वेळेवर आणि विषयपत्रिकेसह पाठवा. ठराव स्पष्ट लिहा, सूचक-अनुमोदकाच्या नावासह, आणि सह्या त्याच दिवशी घ्या. प्रोसिडिंग बुकात रिकामी जागा सोडून "नंतर भरू" म्हणू नका. पैशाचा किंवा जमिनीचा विषय 'आयत्या वेळचे विषय' खाली कधीही आणू नका. संस्थापक सरांना महिन्यातून एकदा घरी जाऊन भेटा. निर्णय विचारायला नको, काय चाललंय ते सांगायला. ही भेट चुकली की सर कार्यालयात येऊन बसायला लागतात.

सहावी पायरी: आता प्रशिक्षण

इथवर यायला आठ-नऊ महिने गेलेले असतात आणि आपल्याला काय येत नाही ते नेमकं कळलेलं असतं. आता शिकायला गेलात तर तुम्ही प्रश्न घेऊन जाल.

कायदा, हिशेब, एफसीआरए यांसाठी एक ते तीन दिवसांच्या कार्यशाळा पुरतात. मुंबईचं सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी १९८६ पासून संस्थांच्या कायदे-करविषयक प्रश्नांवर हेच काम करतं. दिल्लीची प्रिया ही संस्था १९८२ पासून सहभागी पद्धतीचं प्रशिक्षण देते. अशा कार्यशाळेला एकटे जाऊ नका, हिशेबनिसाला बरोबर न्या. बहुतेक ठिकाणी भाषा इंग्रजी-हिंदी असते. दोघं असलात की एकाला सुटलेलं दुसऱ्याला कळतं, आणि परत आल्यावर 'साहेब काहीतरी नवीन खूळ घेऊन आले' असं होत नाही.

लांब पल्ल्याचा अभ्यासक्रम हवा असेल तर आधी तो कुणासाठी आहे ते बघा. आणंदची इर्मा १९७९ पासून ग्रामीण व्यवस्थापन शिकवते, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य. तिथले पूर्णवेळ अभ्यासक्रम मुख्यतः तरुण पदवीधरांसाठी असतात. तुम्ही चाळिशीचे, घर आणि संस्था दोन्ही मागे. मुंबईत एस. पी. जैन संस्थेनं विकास व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काम सांभाळून करता यावा अशा बेतानं आखला होता, अशा प्रकारचे शोधा. फी, चालू स्वरूप आणि शिष्यवृत्ती प्रत्यक्ष फोन करून विचारा, माहितीपत्रकावर विसंबू नका.

निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः संस्थेचा पगार कधी अडकलेला पाहिला आहे का? गृहपाठ आपल्याच संस्थेच्या कागदांवर आहे का? संपल्यावर सहा महिन्यांनी कुणी फोन करून विचारणार आहे का? तिन्हीला 'नाही' आलं तर ती सहल आहे. कधी कधी सहलही हवी असते, पण मग तिचा खर्च प्रकल्पात टाकू नका.

सगळ्यात स्वस्त प्रशिक्षण मात्र शेजारच्या तालुक्यात असतं. आपल्याहून थोडी मोठी, दहा-पंधरा वर्षं जुनी संस्था निवडा आणि तिथल्या सचिवांना विचारा, "मी तीन दिवस तुमच्या कार्यालयात बसू का? प्रकल्प दाखवू नका. व्हाउचर कसं पास होतं ते दाखवा." ते आधी हसतील, मग चहा मागवतील. मी पेटी कॅशची मर्यादा, प्रवासभत्त्याचा तक्ता आणि खरेदीसाठी तीन कोटेशन्स घेण्याची पद्धत अशीच उचलून आणली.

प्रस्तावात 'क्षमताबांधणी' म्हणून एक ओळ दरवर्षी टाकत चला. मंजूर नाही झाली तरी देणगीदाराला हळूहळू सवय होते.

सातवी पायरी: ओटीपी

हसू नका. आमच्या आयकर पोर्टलवर नोंदलेला मोबाइल माजी सचिवांच्या मुलाचा होता आणि तो नोकरीसाठी दुबईला गेलेला. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरचा ईमेल अशा मुलीचा होता जिनं तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती. ऑडिट अहवाल भरायच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे एका ओटीपीची वाट बघत बसलो होतो. तिकडे त्या मुलाचा फोन सायलेंटवर.

संस्थेच्या नावानं एक सिमकार्ड घ्या, साधा फोन घ्या, तो कार्यालयातच ठेवा. संस्थेचा एकच ईमेल पत्ता करा. आयकर, दर्पण, बँक, भविष्य निर्वाह निधी, सीएसआर नोंदणी, सगळीकडे तोच नंबर, तोच पत्ता. डिजिटल सहीची मुदत केव्हा संपते ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहा. पासवर्ड एका वहीत लिहून वही कपाटात ठेवा. कपाटाच्या दोन किल्ल्या करा, एक तुमच्याकडे, एक खजिनदारांकडे. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घालून लिहा: कुठला चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे, कुणाचा हप्ता यायचा आहे, कुठल्या देणगीदाराला काय कबूल केलं आहे. दर तीन महिन्यांनी ते पान नव्यानं लिहा. पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणाला "पुढचं तू बघ" म्हणालात तर हातात द्यायला सुतळीच्या गाठोड्याऐवजी ही वही असेल.